तरणा, म्हातारा, सासू, सून : पावसाचा एक अल्बम करताना

कुठल्याही गाण्यामागे पाऊस लावला की निम्मं काम आपोआप होऊन जातं. पियानोच्या चार पट्ट्या, मागे रिपरिप, की ऐकणारा लगेच हळवा. मला हे चांगलं माहीत आहे, कारण मी त्याचे पैसे घेतो. मालिका आणि जाहिरातींच्या साउंड एडिटिंगवर माझं घर चालतं. नायिका खिडकीपाशी गेली की लायब्ररीतला पाऊस टाइमलाइनवर ओढायचा, फेडर खाली घ्यायचा, पुढचा सीन. त्यामुळे स्वतःचा अल्बम करायचं डोक्यात आलं, तोही पावसावर, तेव्हा बाकी काहीच ठरलेलं नसलं तरी एक अट पक्की होती. पाऊस मागे नुसता बसून राहणार नाही. त्याला कामाला लावायचं.

प्रकार निवडायला फार डोकं खाजवावं लागलं नाही. अँबियंट डब टेक्नो मी कॉलेजपासून ऐकतोय. ज्यांच्या कानावर तो पडलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ठोका टेक्नोचाच, म्हणजे क्लबमधल्या मशीनवर केलेल्या नाचाच्या संगीताचाच असतो, पण शेजारच्या बिल्डिंगमध्ये कुणाचं तरी लग्न असावं तसा भिंतीपलीकडून येणारा. सुरावट जवळजवळ नसतेच. एकच मायनर कॉर्ड, म्हणजे एकदम दाबलेले काही सूर, आखूड तोडलेली, आणि तिचे पडसाद. मग पडसादांचे पडसाद. दहा मिनिटांत बदलत काय असेल तर एवढंच, की ते पडसाद कधी उजळतात, कधी मळतात. माझ्या बायकोला विचाराल तर दहा मिनिटांत काहीच बदलत नाही.

याचं मूळ जमैकात आहे. १९७०च्या आगेमागे किंग्स्टनमध्ये किंग टबी या माणसानं तयार गाण्यांतून गाणं काढून टाकायला सुरुवात केली. तो मुळात रेडिओ, अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा कारागीर. मिक्सरवर बसून गायकाचा आवाज मध्येच तोडायचा, उरलेला एखादा शब्द एकोत सोडून द्यायचा, ड्रम आणि बास तेवढे चालू ठेवायचे. मिक्सर हेच त्याचं वाद्य, आणि त्या संगीताचं नाव डब. पुढे १९९३मध्ये बर्लिनला मॉरिट्झ फॉन ओस्वाल्ड आणि मार्क अर्नेस्टुस यांनी 'बेसिक चॅनल' या नावानं हीच विद्या टेक्नोला लावली. त्यांची रेकॉर्ड पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, प्लेअरची सुई गेली. गाण्याच्या पुढे खरखर. पण ती खरखर मुद्दाम ठेवलेली आहे, आणि माझ्या दृष्टीनं सगळी गंमत तिथेच होती. पाऊस हा तरी दुसरं काय आहे? असंख्य थेंबांचे असंख्य बारीक आवाज एकमेकांत मिसळले की वेगळा थेंब ऐकू येत नाही, खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत पसरलेला एक अखंड 'श्श' तेवढा उरतो. म्हणजे या संगीतात पावसाची जागा आधीपासून होतीच. टेपची खरखर काढायची, तिथे पाऊस ठेवायचा. बोलायला सोपं.

आमचं गावचं घर सिंधुदुर्गात, कुडाळच्या बाजूला. तिथे काकी राहते. एडिटिंगचं बरंचसं काम आता लॅपटॉपवर होतं, त्यामुळे पावसाळाभर अधूनमधून जाऊन राहणं जमलं. अल्बमचा सांगाडाही तिथेच मिळाला, काकीच्या बोलण्यातून. तिच्या लेखी 'जुलैचा पाऊस' असं काही नसतं. हा तरणा, हा म्हातारा. सूर्य वर्षभरात सत्तावीस नक्षत्रं फिरतो, एकेका नक्षत्रात साधारण १३-१४ दिवस, आणि मृगापासून पुढच्या नक्षत्रांना पावसाच्या हिशेबात स्वतःचा स्वभाव असतो. पुनर्वसूचा तो तरणा, पुष्याचा म्हातारा, मघाचा सासूचा, पूर्वाचा सुनेचा, हस्ताचा हत्तीचा. मी आठ ट्रॅक ठरवले: मृग, आर्द्रा, तरणा, म्हातारा, सासू, सून, हत्ती, स्वाती. मधली काही नक्षत्रं गाळली. उत्तरा गाळल्याचं काकीला मुळीच आवडलं नाही. 'पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा' ही म्हण तिनं मला शाळेतल्या मुलाला ऐकवावी तशी ऐकवली.

आता प्रत्यक्ष रेकॉर्डिंग. पाऊस रेकॉर्ड करणं म्हणजे छत्रीखाली रेकॉर्डर धरणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा तसं करून ऐकावं. छत्रीच ऐकू येते. छत्री नको म्हणून माइकवर केसाळ टोपरं घालून तो उघड्यावर ठेवला, तर थेंब थेट टोपऱ्यावर आपटतात आणि रेकॉर्डिंगभर 'धप्, धप्' असा खालच्या पट्टीतला मार ऐकू येतो. परदेशातले रेकॉर्डिंगवाले यासाठी राठ केसांची जाड जाळी वापरतात. थेंब तिच्यावर पडला की फुटतो, त्याचे बारीक तुषार होतात आणि पाणी तंतूंवरून मुकाट्यानं ओघळून जातं. ती जाळी मागवायची तर तिच्या किमतीपेक्षा कुरिअर महाग. मग लक्षात आलं की माळ्यावर जुनी काथ्याची गादी पडून आहे. रबर लावलेला काथ्या, आत भरपूर पोकळी, वर्षानुवर्षं कोण न् कोण झोपून मऊ झालेला. तिचा परातीएवढा तुकडा कापला, जाड तारेची तिवई ठोकून तिच्यावर बसवला, खाली वीतभर जागा सोडून माइक. पहिल्याच सरीत 'धप्' गायब. मी तसा वस्तूंच्या प्रेमात पडणारा माणूस नाही, पण तो तुकडा आता पुण्यात माझ्या कपाटात आहे.

काकी पडवीतून हे सगळं बघत होती. शेवटी तिला राहवेना. "पावसाचो आवाज धरून काय करतलंस रे? तो काय खंय पळान जाता?"

दमट हवा हा पावसापेक्षा मोठा त्रास. कंडेन्सर माइकच्या पडद्याला दमटपणा लागला की तो तडतडायला लागतो, आणि ती तडतड पावसाच्या आवाजात अशी मिसळते की पुण्याला येऊन हेडफोन लावेपर्यंत कळत नाही. म्हणून काम झालं की माइक घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि डबा बल्ब लावलेल्या कपाटात. गावातला फोटोग्राफर कॅमेरे असेच सांभाळतो, त्याच्याकडूनच हे शिकलो.

दुसरं हत्यार स्वस्तातलं. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत बझरच्या पितळी पीझो चकत्या मिळतात, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोड्या मोठ्या. त्यांना वायर जोडली की कॉन्टॅक्ट माइक तयार. तो हवेतलं जवळजवळ काही ऐकत नाही, ज्याला चिकटवला त्या वस्तूचीच थरथर ऐकतो. फक्त एक काळजी घ्यायची. चकती थेट साध्या माइक इनपुटला लावली तर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा किरटा होतो, बास सगळा जातो. मध्ये मोठ्या इम्पीडन्सचा, म्हणजे चकतीतून अगदी थोडाच प्रवाह ओढणारा, छोटा प्रीअ‍ॅम्प घातला की बास परत येतो. चकतीवर मेण ओतून ती मांगराच्या, म्हणजे घराजवळच्या शेतीच्या खोपीच्या, पत्र्याला खालून चिकटवली. बाहेर बेडूक, रातकिडे, कुणाची तरी मोटारसायकल. चकतीला त्यातलं काही नाही. नुसता पत्रा. प्रत्येक थेंबागणिक पत्रा क्षणभर घुमतो आणि ते घुमणं विरतं. हे सगळं मी ९६ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड केलं, म्हणजे नंतर वेग चौपट कमी केला तरी वरचे सूर फारसे बोथट होत नाहीत. चौपट संथ केल्यावर आवाज दोन सप्तकं खाली येतो, आणि पत्र्यावरचा सामान्य थेंब चांगला भरदार ठोका होऊन बसतो. अल्बममध्ये ड्रम मशीन नाही. जो काही ठोका आहे तो मांगराचा पत्रा आणि पाण्याची काळी प्लास्टिकची टाकी यांचा.

आणि विहीर. याबद्दल सविस्तर सांगायलाच हवं.

डब टेक्नोत रिव्हर्ब, म्हणजे आवाजाचं जागेत घुमणं, हा मसाला नसतो, मुख्य पदार्थच तो. कुठल्या खोलीत आवाज घुमतोय त्यावर ट्रॅकचा स्वभाव ठरतो. बाजारात तयार रिव्हर्ब शेकड्यांनी मिळतात, कॅथेड्रलपासून बोगद्यापर्यंत. पण खऱ्या जागेचं घुमणं उचलून आणायचीही एक रीत आहे. त्या जागेत एक छोटा, तीव्र आवाज करायचा, त्यानंतर जागा जे काही बोलते ते रेकॉर्ड करायचं, आणि ते कॉन्व्होल्यूशन रिव्हर्ब या सॉफ्टवेअरमध्ये भरायचं. मग तुमची कॉर्ड त्या जागेत वाजवल्यासारखी वाजते. तीव्र आवाजासाठी फुगा फोडतात. आमची विहीर जांभ्यात खोदलेली, जुनी, गोल. मृगाच्या सुरुवातीला पाणी तळाला होतं. माइक दोरीनं अर्ध्यावर सोडला, फुगा काठीला बांधून आत धरला आणि दुसऱ्या काठीच्या टाचणीनं फोडला. असा घुमला की कठड्यावरचे कावळे उडाले. दीड-दोन सेकंद रेंगाळणारा, जड, किंचित हिरवट म्हणावा असा पडसाद. काकीनं आतून विचारलं, काय पडलं विहिरीत?

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा तरणा होऊन गेलेला. विहीर अर्ध्याच्या वर भरलेली. पुन्हा फुगा. घुमणं आखूड झालेलं, थोडं वरच्या पट्टीत सरकलेलं. मघात गेलो तर पाणी वाकून हात लावता येईल एवढं वर, आणि फुगा फोडला तर नुसता फुगा फुटला. घुमायला विहिरीत हवा उरलेलीच नव्हती. त्या दिवशी अल्बमचा आराखडा मला खऱ्या अर्थानं सापडला. या प्रकारातले बहुतेक अल्बम शेवटाकडे जाता जाता जास्त जास्त विरघळत जातात, रिव्हर्ब वाढवत नेतात. आपला उलटा जाणार. 'मृग'मध्ये सगळ्यात खोल विहीर. ट्रॅकगणिक पाणी चढणार, खोली कमी होणार. 'सासू'पर्यंत कॉर्ड कोरडी ठाक वाजायला लागणार. भरपूर पाऊस म्हणजे कोरडा आवाज. ऐकणाऱ्याला विहीर माहीत असायची गरज नाही. आवाज हळूहळू अंगाशी येतोय, एवढं त्याला जाणवतं.

आंबोलीलाही गेलो. महाराष्ट्रातल्या सगळ्यात जास्त पावसाच्या ठिकाणांत तिचं नाव घेतात आणि घर जवळ, मग जाणं भागच होतं. धबधब्यापाशी शनिवार-रविवारी काय चालतं ते मी सांगायला नको. गाड्यांचे दरवाजे उघडे ठेवून लावलेल्या गाण्यांचा बास तिथल्या पावसापेक्षा जास्त लांब जातो. आठवड्याच्या मधल्या वारी, उजाडायच्या आत, रस्त्यापासून आत शिरलो तेव्हा थोडं हाताला लागलं. जळवाही लागल्या. तिथला धुक्यातला पाऊस थेंबांचा नसतोच, झाडं धुकं गोळा करतात आणि पानांवरून खाली सोडतात. तो 'म्हातारा'मध्ये आहे. बाकी खरं सांगायचं तर आंबोलीच्या मानानं मांगराचा पत्राच जास्त कामाला आला.

आता पावसाला कामाला कसं लावलं ते.

एन्व्हलप फॉलोअर नावाची एक साधी सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते. तो एखाद्या आवाजाची पातळी सतत मोजतो आणि त्या चढउतारानं दुसरं काहीतरी हलवतो. मी पावसाच्या रेकॉर्डिंगला कॉर्डच्या फिल्टरवर, म्हणजे तिची वरची पट्टी झाकणाऱ्या-उघडणाऱ्या कळीवर, बसवलं. सर वाढली की फिल्टर उघडतो, कॉर्ड उजळते; सर ओसरली की ती मळकट होऊन मागे जाते. एरवी हेच काम निर्माता हातानं बटण फिरवून करतो, आणि हाताला सवयी असतात: आठ मात्रांनी वर, आठ मात्रांनी खाली. पावसाला या सवयी नाहीत. 'आर्द्रा'मध्ये सर दोनदा येते येते म्हणेपर्यंत परत जाते आणि तिसऱ्यांदा, जिथे मी कधीच उघडलं नसतं अशा आडजागी, फिल्टर पूर्ण उघडतो. मला सुरुवातीला ते दुरुस्त करायचा मोह झाला. नाही केलं.

डिलेचंही, म्हणजे ठरावीक वेळानं परत येणाऱ्या पडसादाचंही, तसंच. ट्रॅकचा वेग मिनिटाला ११८ ठोके, त्यात नेहमीचा डॉटेड, म्हणजे पाऊण ठोक्याचा, डिले लावायचा तर ३८१ मिलिसेकंदांचा येतो आणि तो ठोक्यांच्या मध्ये नेमका बसतो. 'तरणा'मध्ये तोच आहे. पण 'सून'मध्ये डिलेची वेळ मी पागोळ्यांवर सोडली. सर थांबल्यावर कौलांच्या टोकावरून पागोळ्या आधी भराभर गळतात, मग एकेक करून अंतर वाढत जातं. त्या अंतराप्रमाणे डिले हळूहळू ताणत नेला. टेपच्या एकोत वेळ बदलली की सूरही ओढला जातो, १९७४च्या रोलँड स्पेस एकोवर सगळ्या डबवाल्यांनी हा चाळा केलेला आहे. सॉफ्टवेअरमध्ये ते वागणं निवडता येतं. त्यामुळे पागोळ्या विरळ होतात तशी कॉर्ड खाली खाली घसरते. त्याच ट्रॅकमध्ये पन्हळाखाली ठेवलेली कळशी आहे. भरताना तिचा आवाज चढत जातो, कारण आतली हवा कमी होत जाते. टेक्नोवाले मोठ्या प्रसंगाआधी असा चढता आवाज मुद्दाम तयार करून घालतात. इथे तो फुकट मिळाला, आणि कळशी भरून वाहायला लागल्यावर पुढे मोठा प्रसंग काही येत नाही.

सूर कुठला घ्यायचा, हे विजेनं ठरवलं. कॉन्टॅक्ट माइकच्या प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण शिरली होती. एरवी नोकरीत मी ती पहिल्यांदा कापतो. इथे मोजून बघितलं: पांढरी पाच, खालच्या सप्तकातली, ४९ हर्ट्झवर, काळी चार ५२च्या जरा अलीकडे. म्हणजे आपली महावितरणची पट्टी पांढऱ्या पाचपेक्षा किंचित चढी. सगळी वाद्यं त्या पट्टीला लावून घेतली आणि बासही तिथेच ठेवला. 'हत्ती'मध्ये याचा फायदा झाला. हस्तातला पाऊस गडगडाट घेऊन येतो. एका रात्री रेकॉर्डिंग चालू असताना मोठा कडाका झाला आणि गावाची वीज गेली. रेकॉर्डिंगमध्ये ते स्पष्ट आहे: कडाका, आणि पुढच्या क्षणी गुणगुण तुटलेली. ट्रॅकमध्ये बास बरोबर तिथे बंद होतो आणि शेवटपर्यंत परत येत नाही. क्लबमध्ये वाजवणाऱ्या एका ओळखीच्या डीजेनं विचारलं, की बास परत कधी आणतोस? म्हटलं, वायरमन येईल तेव्हा.

मल्हार का नाही, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकानं विचारला. एका गायिकेनं तर नमुन्यादाखल मियाँ मल्हारातला कोमल गंधार आंदोलन देऊन फोनवरच गाऊन दाखवला, आणि तो ऐकून मी दोन मिनिटं गप्प बसलो हे कबूल. पण माझी कॉर्ड म्हणजे सा, कोमल ग, प, कोमल नी एकदम दाबलेले. मियाँ मल्हारात दोन्ही निषाद एकमेकांना बिलगून जे करतात ते दाबून धरलेल्या कॉर्डमध्ये होत नाही. वरून एखादी तान चिकटवली असती तर ती मालिकेतल्या खिडकीइतकीच सोयीची झाली असती.

मिक्सिंगला मात्र पावसानं घाम काढला. अंगणातल्या डबक्यावर थेंब पडला की जो 'टुब्' येतो तो थेंब आपटल्याचा नसतो. थेंबामागे पाण्यात हवेचा बुडबुडा अडकतो आणि तो आकुंचन-प्रसरण पावत वाजतो. बुडबुड्याच्या आकारावरून सूर काढायचं गणित मिनार्ट या शास्त्रज्ञानं १९३३ मध्येच मांडलं, आणि गळक्या नळाचा 'टुब्' बाहेर हवेत नेमका कसा येतो हे केंब्रिजच्या संशोधकांनी २०१८मध्ये अतिवेगवान कॅमेरा लावून दाखवलं. गणितानं १ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सुमारे ३,३०० हर्ट्झवर वाजतो. आपला कान नेमका त्याच भागात सगळ्यात तिखट. त्यामुळे डबक्याचं रेकॉर्डिंग पाच मिनिटं छान वाटतं आणि दहाव्या मिनिटाला टोचायला लागतं. तो भाग डायनॅमिक ईक्यूनं, म्हणजे ठरावीक पट्टी लागेल तेव्हाच खाली घेणाऱ्या साधनानं, दाबला, तोही फक्त थेंब उसळतील तेवढ्यापुरता. पूर्ण कापला तर पाऊस राहत नाही, नुसती हवा राहते.

एकाच जागी दोन गोष्टी बसत नाहीत, हा मिक्सिंगचा पहिला नियम. पाऊस तर सगळ्याच जागा अडवून बसतो. त्यामुळे शेवटचे काही आठवडे माझं काम म्हणजे वजाबाकी. 'तरणा'मध्ये पावसाचे सहा थर होते, दोन उरले. हाय-हॅट (झांजेसारखा बारीक ठोका) काढून टाकली, कारण पत्र्याचा वरचा भाग तेच करत होता. कॉर्डची वरची धार काढली.

त्यानंतर लाउडनेस. स्ट्रीमिंगच्या कंपन्या सगळ्या गाण्यांचा मोठेपणा साधारण एका पातळीला आणतात, स्पॉटिफायचा आकडा -१४ एलयूएफएस (कानाला वाटणारा मोठेपणा मोजायचं एकक). हे मोजणारं मीटर वरच्या पट्टीला जास्त वजन देतं आणि खालच्या बासला कमी. पाऊस म्हणजे सतत चालू असलेली वरची पट्टी. मीटरला वाटतं ट्रॅक मोठा आहे, मग सगळाच खाली ओढला जातो, आणि बिचारा बास विनाकारण मार खातो. पाऊस १ डेसिबल खाली घेतला की बास तेवढा वर येतो, असा सौदा प्रत्येक ट्रॅकमध्ये करावा लागला. वर एमपीथ्रीचा त्रास. एमपीथ्री फाइल लहान करतो ती कानाला फारसं न कळणारं टाकून देऊन. पावसाचा 'श्श' सगळ्या पट्टीत पसरलेला, टाकण्यासारखं त्यात फार नसतं. फाइल जास्त दाबली, म्हणजे बिटरेट कमी ठेवला, की त्याचा अक्षरशः चिवचिवाट होतो. मी प्रत्येक ट्रॅक १२८ केबीपीएसला दाबून, बसमध्ये, साध्या इअरफोनवर ऐकला आणि जिथे चिवचिव आली तिथे अगदी वरची पट्टी थोडी उतरवली. ज्यांना नीट ऐकायचंय त्यांच्यासाठी बँडकॅम्प या संगीत विकायच्या साइटवर २४-बिट फाइल आहेच.

प्रकाशनाचं फार सांगण्यासारखं नाही. गाणी स्ट्रीमिंगवर पोचवणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या फॉर्मवर 'झोपेसाठी, ध्यानासाठी वा निसर्गध्वनी आहे का' असा रकाना होता. तो नुसता तांत्रिक प्रश्न नाही. असल्या 'नॉइज' रेकॉर्डिंगना रॉयल्टी कमी देण्याचा नियम स्पॉटिफायनं २०२४पासून आणलाय, कारण लोक पंख्याच्या घरघरीचे तुकडे करून पैसे काढत होते. मी 'नाही' लिहिलं. 'म्हातारा'बद्दल उलट विचारणा आली, हे संगीतच आहे ना? त्यांना कॉर्ड कितव्या सेकंदाला येते ते लिहून पाठवावं लागलं. रेकॉर्ड काढायचा विचार सोडून दिला. एका बाजूला वीस मिनिटांच्या पुढे गेलं की आवाज बारीक करावा लागतो, आणि तबकडीच्या मध्याकडे जाता जाता वरची पट्टी फाटायला लागते. पावसाला दोन्ही परवडणारं नाही.

भांडण राहिलं ते 'स्वाती'वरून. मास्टरिंग, म्हणजे अल्बमवरचा शेवटचा हात, करणारा माझा मित्र, ज्याच्या कानावर मी स्वतःच्या कानापेक्षा जास्त भरवसा ठेवतो, त्याचं म्हणणं हा ट्रॅक काढ. कारण त्यात पाऊस नाही. स्वातीत आमच्याकडे भात कापणीला आलेला असतो, पाऊस आला तर आला. म्हणून मी 'आर्द्रा'तलाच पाऊस घेतला, त्याच्याकडून फिल्टर हलवून घेतला, ठोक्यांचा जोर कमीजास्त करून घेतला, आणि मग त्याचा स्वतःचा फेडर पूर्ण खाली आणला. कॉर्ड पावसाप्रमाणेच येते-जाते, पण थेंब एकही ऐकू येत नाही. रिव्हर्बही नाही. मित्र म्हणतो, पावसाच्या अल्बमचा शेवट पावसाशिवाय केलास तर लोकांना वाटेल फाइल चुकून गेली. मी म्हटलं, अख्ख्या अल्बममध्ये पावसानं सगळ्यात जास्त काम याच ट्रॅकमध्ये केलंय. त्यानं तो मास्टर करून दिला, पण फाइलच्या नावापुढे प्रश्नचिन्ह टाकून.